ह्ये थोरलं, त्ये धाकटं

१२ ऑगस्ट
पुण्याहून बियाणं तपासणाऱ्या मॅडम आल्या. माझ्या आणि धाकट्या जावेच्या, सुमनच्या, भाताची पानं तपासायला नेली. आंबेमोहर आणि त्याचीच नवी जात हल्ली मिसळलीय, डोळ्याला कळत न्हाई. मॅडम म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीच त्या. तोंडावरून तुम्ही चुकाल, डीएनए चुकायचा नाही." जिचा अस्सल, तिचं बी पार आंबवडे गावापर्यंत सगळीकडं वाटणार.
मी चहा करायला घरी थांबले. पानं तोडताना सासूबाई होत्या बांधावर.

२७ सप्टेंबर
सु.च्या बांधावरून गेलं की वास येतो. माझ्यात नाक खुपसावं लागतं. नसरापूरच्या एसटीतसुद्धा बायका हिच्याच भाताचं कौतुक करत होत्या. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "तुझं नाक त्याच वाटंला कशाला जातं?"
जळते मी. लिहायला कुणाची चोरी?

२४ ऑक्टोबर
निकाल! थोरलीचा अस्सल, धाकटीच्यात भेसळ. थोरली म्हणजे मी!! शिरा केला, तूप हात सोडून घातलं. सु. आली, पाया पडली. "ताई, तुमचंच खरं." डोळे भरले होते तिचे. मला लई बरं वाटलं.

२ नोव्हेंबर
सासूबाई शेंगा फोडता फोडता सहज बोलून गेल्या. "त्या बाईनं इचारलं, ह्ये कुणाचं? म्या म्हणलं, ह्ये थोरलं, त्ये धाकटं."
अगं बाई. त्या भाताच्या खाचरांची नावं सांगत होत्या. वाटणीत थोरलं खाचर धाकट्या भावजींना, म्हणजे सु.कडं गेलंय, धाकटं आमच्याकडं. मॅडमना वाटलं, सुनांचंच सांगतायत.
म्हणजे अस्सल तिचा. भेसळ माझ्यात.
मी टरफलं सुपात गोळा करायला लागले.

५ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. बियाण्याची पोती कधी न्यायची? म्हटलं, वाळू द्या.

६ नोव्हेंबर
सु. म्हणाली, उद्या कापणी. "माझं सगळं गिरणीतच घालते, ताई. भेसळीचं बी कशाला ठेवू? पुढच्या साली तुमच्याकडचंच पेरीन."
एक दाणा ठेवणार न्हाई म्हणते. बाकी कुणाकडं निव्वळ आंबेमोहर उरलाय की न्हाई, देव जाणे. आणि मी सांगितलं तर आंबवड्यापर्यंत तिचंच नाव. मेली नशीबवान तरी किती.
ह्यांनी विचारलं, "उद्या जाणार का तिच्याकडं?" म्हटलं, जाणार. विळा घासून ठेवलाय.
कापायला जातेय का सांगायला, ते अजून ठरलं न्हाई.