काठावरच्या थाळ्या

१६ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचा. भूगावच्या फ्लॅटमधून निघताना जान्हवीने गादी, कुकर, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी असं काय काय गाडीत कोंबलं. वर म्हणाली, जमलं नाही तर गुपचूप परत ये, मी कुणाला सांगणार नाही. बायकोचा विश्वास हा असा. पण हिंजवडीत बसून पक्षी बघायला रजा मागणारा माणूस आता पक्षी बघण्याचाच पगार घेणार आहे, तेव्हा आज मला कुणाचाही राग येणार नाही. मला सोडून ती गाडी घेऊन लगेच परत गेली.

पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची ही जागा मुळशीच्या पाण्याला लागून आहे. धरणाच्या पाण्याचा एक निमुळता फाटा दोन डोंगरांमध्ये शिरलाय. अलीकडच्या काठावर गेट, ऑफिस, बोटीचा धक्का आणि माझी खोली. बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, पक्षी बघायचा लाकडी मनोरा. फाट्याला वळसा घालून पायवाट तिकडे जाते. रमतगमत गेलं तर तासभर सहज मोडतो. मोबाइलला रेंज फक्त मनोऱ्यावर, नाहीतर गेटच्या बरंच वर, रस्त्याच्या वळणावर. मालक हैबतराव मूळचे इथलेच, आता पुण्यात राहतात. बस्तान नीट बसवलं तर नवीन वर्षापासून बायकोलाही इथे आणा, दोन खोल्या वाढवून देतो, असं त्यांनी कबूल केलंय. म्हणजे महिनाभरात ही जागा जान्हवीला आवडेल अशी करायची. बाकी काही नको मला.

संध्याकाळी चक्रवाकांची जोडी दिसली, पाण्यावर एका जागी फडफडत थांबलेला कवड्या खंड्या दिसला, आणि शेकाटे तर ढीगभर. रखवालदार कोंडाजीला नमस्कार केला, तर त्याने नुसतं विचारलं, 'किती दिस ऱ्हानार?' स्वागत असावं तर असं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पायवाटेच्या प्रत्येक वळणावर झाडाला काशाची थाळी टांगलीय, शेजारी दोरीने बांधलेला लाकडी दांडका. कुणाला बोलवायचं झालं की कोंडाजी थाळी बडवतो. स्वयंपाकाला येणाऱ्या सगुणाबाई पलीकडून दुसरी बडवतात. आज एक तुतवार इतका जवळ आला होता की त्याच्या डोळ्यावरची पांढरी रेघ दिसत होती, आणि यांना नेमकं तेव्हाच चहा झाल्याचं कळवायचं होतं. सगळा काठ रिकामा झाला. लॉकडाऊन संपून वर्षं लोटली, इथे अजून थाळ्या चालूच.

मी विचारलं, तोंडाने हाक मारायला काय होतं? कोंडाजी म्हणाला, 'काठावर हाक मारत न्हाईत. पानी ठिवून घेतं.' काय ठेवून घेतं? 'आवाज. आन् ज्याला हाक मारली त्याचं नाव.' पुढे विचारलं तर पाण्याकडे बोट करून, 'खाली समदं गाव हाय,' एवढंच बोलला. धरणात गावं बुडाली हे मलाही ठाऊक आहे. पण बुडालेलं गाव हाका गोळा करत बसतं हे नवीनच ऐकलं.

सगळ्या थाळ्या काढायला लावल्या. मनोऱ्यावरची मी स्वतः काढली. आता त्या कोठीत पडल्यात. कोंडाजीला सांगितलं, यापुढे माझा आवाज पुरेल. कॉलेजच्या नाटकात माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचायचा तो. सगुणाबाईंनी शेवटची थाळी उतरवताना डोक्यावर पदर घेतला आणि दिवसभर माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. भाजीत मीठही नव्हतं. या लोकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाहुण्यांचा पहिला रविवार, आणि जान्हवीही आली होती. पलीकडच्या वाटेवर एक कुटुंब रेंगाळलं होतं. मी धक्क्यावरून त्यांना हाक मारली, तर समोरच्या डोंगराने ती जशीच्या तशी परत केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला तेवढं पुरतं.

जान्हवी काठाशी होती. पाणी दिसलं की तिला राहवत नाही. चपला काढून हातात घेते आणि घोट्यापर्यंत उतरते, लहानपणी वाशीमकडे पैनगंगेत उतरायची तशीच. मी खड्या आवाजात तिला हाक मारली, 'जान्हवीऽऽ'. डोंगरानेही मारली. तिने पाण्यातूनच लाडात 'ओ' दिली. सगळे हसले.

कोंडाजी तेवढा हसला नाही. तरातरा आला आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. परक्या बाईच्या अंगाला हात लावतो म्हणजे काय? सगळ्यांदेखत झापला त्याला. त्याने ऐकून घेतलं, माझ्या पायाशी थुंकला आणि निघून गेला. जान्हवी म्हणाली, जाऊ दे रे, पण मी ओ दिल्यावर डोंगराने मला आणखी एकदा हाक मारली, ऐकलंस ना? मी ऐकलं नव्हतं. माझं डोकं कोंडाजीवरच तापलेलं होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पक्ष्यांचे आवाज टिपायला पहाटे धक्क्यावर रेकॉर्डर लावून ठेवतो. आज दुपारी ऐकायला बसलो. दयाळ, तांबट, लांबवर मोर, आणि मग 'जान्हवीऽऽ'. माझा आवाज. मी तर तेव्हा खोलीत घोरत होतो.

आधी रेकॉर्डर झटकन बंद केला. मग स्वतःवरच हसलो. भृंगराज कोतवाल असणार. तो मांजराची नक्कल करतो, घारीची करतो, माझी का नाही करणार? असा नमुना पक्षीमित्रांच्या गटात कुणाकडे नसेल. परवा हाच आवाज स्पीकरवर वाजवून बघतो. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून पक्षी तरातरा जवळ येतो. आमच्यातले सगळे असंच करतात, चांगलं नाही हे माहीत असून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वाजवला. उत्तर आलं, पण झाडीतून नाही. फाट्याच्या मधोमधून, अगदी पाण्यालगत. पुन्हा वाजवला. या वेळी आणखी अलीकडून आलं. दुर्बिणीत नुसतं सपाट पाणी. पाणकावळे रोज जिथे बसतात ते खोडही रिकामं. अख्ख्या फाट्यावर एक पक्षी नव्हता.

तिसऱ्यांदा मी काहीच वाजवलं नाही. तरी आवाज आला, धक्क्याच्या खालून. 'जान्हवीऽ, ये.'

'ये' असं मी त्या दिवशी म्हटलं नव्हतं. कुठलाही पक्षी न ऐकलेला शब्द जोडत नाही. मी स्पीकर उचलून पाण्यात भिरकावला. रागाने भिरकावला असं लिहिणार होतो. पण घाबरलो होतो, सपाटून घाबरलो होतो.

१ डिसेंबर, सोमवार

घसा बसलाय. पौडच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले, सूज नाही, लाली नाही. गुळण्या करा, बोलू नका.

मनोऱ्यावर जाऊन जान्हवीला फोन लावला. ती म्हणाली, कोण बोलतंय? दोनदा सांगितलं तेव्हा ओळखलं, आणि मग हसत सुटली. मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं.

३ डिसेंबर, बुधवार

आवाज गेला. कुजबुजही निघत नाही, नुसती हवा.

सकाळी ओट्याशी उभा होतो. सगुणाबाई भाकरी थापत होत्या. खिडकीबाहेर, पाण्यावरून, 'जान्हवीऽऽ'. ठणठणीत, मोकळा, माझा. सगुणाबाईंनी माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं. तव्यावर भाकरी तशीच टाकून गेल्या.

कोंडाजीला कागदावर लिहून विचारलं, काय करू? त्याने कागद परत दिला. 'घेतला त्यो घेतला. आता नाव ऱ्हायलंय.' कुणाचं नाव हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

संध्याकाळी तो डोंगरावरच्या गावातल्या चौघांना घेऊन आला आणि कोठीतल्या थाळ्या घेऊन गेला. एक तरी ठेवा म्हणून मी हात जोडले. 'तुमाला नको हुत्या न्हवं,' म्हणाला. धक्क्यावरची होडीही नेली. मागोमाग गावापर्यंत गेलो, तर माणसं ओट्यावरून उठून आत गेली आणि दारं लावली. एका म्हातारीने तेवढं बंद दारामागून सांगितलं, 'हिकडं नका येऊ. तुमच्या मागं त्ये येईल.'

५ डिसेंबर, शुक्रवार

आता दिवसाही. खोलीच्या मागून, धक्क्याखालून, वाटेवर माझ्या दोन पावलं पुढे. फक्त तिचं नाव.

किती मायेने मारतो हाक. मी एवढ्या मायेने तिला कधी —

पक्षी परत आलेले नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

मनोऱ्यावर आलो आणि तिला मेसेज केला. 'इथे अजिबात येऊ नकोस. उद्या सकाळी मी चालत रस्त्यावर येतो आणि एसटीने घरी. नोकरी सोडली. घसा पूर्ण गेलाय. घरी आल्यावर लिहून सांगतो.'

उत्तराची वाट बघता बघता अंधार पडला. काठाकाठाने परत जायची छाती होत नाही. इथेच झोपतो. तो समोर आहे, माझ्या खोलीपाशी. मी अजून तिथेच आहे असं त्याला वाटतंय बहुतेक. बरंच आहे.

उद्या घरी. तिच्या हातचं वरण-भात. यापुढे पाण्याचं नाव नको.

७ डिसेंबर, रविवार

पातळ धुकं, पलीकडचं दिसतंय. आत्ता जाग आली. तिचे दोन मेसेज.

पहिला: 'वेडा आहेस का, अशा तब्येतीत एसटीने? मीच निघालेय न्यायला.'

दुसरा, आत्ताचाच: 'वळणावर गाडी लावलीय. तुझी हाक इथपर्यंत येतेय की! आवाज तर ठणठणीत आहे. उगाच घाबरवलंस. आले, थांब.'

नको येऊस लिहिलं. एकच टिक. फोन लागत नाही, ती उताराला लागली —

दुर्बिणीत गेट. उघडंच आहे. कोंडाजी नाही, कुणी नाही.

ती दिसली. पिवळी ओढणी. पिशवीत डबा आणलाय.

ओरडलो. तोंड उघडलं, आवाज नाही. टाळ्या वाजवल्या. धुकं खाऊन टाकतंय. कठड्यावर लाथा मारल्या, कुजकं लाकूड, नुसतं बद बद. दांडका आहे इथे. दोरीला तसाच लटकतोय. थाळी नाही. थाळी मीच —

वाटेने धावलो तरी तासाभराचा फेरा. पोहता येत नाही मला. आलं असतं तरी या पाण्यात —

वहीचं एक पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत 'मागे फिर' लिहिलं. हलवतोय. बघ ना इकडे. एकदा बघ, राणी. ती माझ्या खोलीत डोकावली. बाहेर आली. पुन्हा आत बघितलं.

धक्क्याखालून माझी हाक. 'जान्हवीऽ, ये.'

किती हसली. इथून दिसतंय मला ते हसू. डबा धक्क्यावर ठेवला.

'ओ' म्हणाली. मला ऐकू आलं. तिचा आवाज पाण्यावरून इथपर्यंत येतो, माझा का नाही —

वाकली. चपला काढतेय. एक. दुसरी. हातात घेतल्या आणि