वर ओढून ठेवलेली होडी

तांडेल, तुमच्या होडीतून केलेली ती चार दिवसांची सहल मला खरी कितीला पडली, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचं एक वल्हं गेलं, ते तुम्हाला माहीतच होतं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मनगटी घड्याळ गेलं. त्यात खारं पाणी शिरलं आणि ते पुन्हा म्हणून चाललं नाही. पावसाळ्याआधी खोलून देतो म्हणून कबूल केलेली सहा इंजिनं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. आणि सासऱ्यांचं माझ्याशी बोलणं गेलं, ते पुढे चार वर्षं. या सगळ्याच्या बदल्यात बायको राहिली. सौदा काही वाईट नाही, असं मी आजवर चारचौघांत हसत सांगत आलो. पण तो सौदा मी केला, की तुम्ही केलात, की आणखी कुणी, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला जाऊन तीसएक वर्षं झाली. आता विचारलं तरी उत्तर येणार नाही, बहुधा म्हणूनच विचारायचं धाडस होतंय.

मढच्या बंदरावर मी पहिल्यांदा आलो तेव्हा सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधलेली होती आणि त्यापलीकडे माझं म्हणून जगात काही नव्हतं. शिडाच्या होड्यांना डिझेलची इंजिनं बसायला तेव्हा नुकती सुरुवात झालेली. इंजिन बिघडलं की तुम्ही मंडळी आधी नारळ फोडायचात आणि मग मिस्त्री शोधायचात. तुमची होडी धक्क्याला लागायच्या आत मी किनाऱ्यावरूनच सांगितलं, एका सिलिंडरचा नोझल गेलाय. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी तुमच्या घरातलं भांडण ऐकलंय. "बघल्याबिगर बोलतंस?" "ऐकलं ना," मी म्हणालो. खोललं, तर नोझलच. त्या दिवसापासून तुमचं काम माझं झालं, आणि रविवारी रविवारी तुम्ही मला शीड धरायला, सुकाण सांभाळायला शिकवायला लागलात. माझे कान तिखट होते आणि त्याची मला घमेंडही होती. पण तिखट कानाच्या माणसाला नको ते पण ऐकू येतं.

लग्नाला तीन महिने झाले होते. बोरिवलीला दादाच्या दीड खोलीत आमचा संसार. मधे फळ्यांची भिंत. मी अलीकडे पडलोय, झोपलोय असं पलीकडे समजतात. पलीकडे ही वहिनीला सांगतेय, "बाबांना पत्र टाकलंय. रविवारी न्यायला येतील." वहिनी विचारते, "किती दिवसांसाठी गं?" "बघू." "अगं, बघू म्हणजे काय? वेडी का तू?" स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. आणि मग ही म्हणते, "गरिबीचं काही नाही हो वहिनी मला. मुलुंडला आम्ही काय बंगल्यात राहत नव्हतो. पण स्वतःचा कारखाना आहे म्हणून सांगितलंत ना तुम्ही सगळ्यांनी? ती पिशवी दाखवली असती, तरी मी हो म्हटलं असतं. खोटं कशाला?"

कारखान्याची थाप दादाने मारली होती. बघायच्या दिवशी, तिच्या वडिलांसमोर, अगदी सहज. मी शेजारी पोह्यांची बशी धरून बसलो होतो आणि गप्प राहिलो. मी बोललो काहीच नाही, त्यामुळे खोटंही बोललो नाही, अशी मी माझी समजूत काढली होती. फळीपलीकडून तिचं बोलणं ऐकलं आणि कळलं, वाट लागली. रविवारी ही जाणार, आणि 'बघू' म्हणून गेलेली परत येईलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही जाळं शिवत बसला होतात. मी एवढंच म्हणालो, की बायकोला चार दिवस कुठंतरी फिरवून आणायचंय, घरात बोलायला जागा नाही. रविवारचं तुम्हाला सांगितलं की नाही? मला वाटतं सांगितलं. कधी वाटतं, नाही सांगितलं, तुम्ही चेहऱ्यावरून ओळखलंत. इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. तुम्ही सुई खाली ठेवलीत आणि म्हणालात, "धाकली होरी ने. बुधवारी पुनव हाय, वारा बरा हाय. मनोरी, गोराई, उत्तन करीत जा, पंजू बेट दाखव तिला, नि ये." मी म्हणालो, छोटं इंजिन बसवून घेतो, माझ्याकडे एक आहे. तुम्ही हसलात. "विंजिन नको रं. त्याच्या आवाजान बायकोशी बोलशील कसा?"

बुधवारी सकाळी तांडेलीणबाईंनी हिला कुंकू लावलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. हिच्या माहेरी मासळी शिजत नसे. हिने पुरचुंडी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब, अशी धरली की बाई खो खो हसल्या. मी होडी लोटली, शीड उभं केलं. आणि तेव्हा गुडघाभर पाण्यात उभे राहून तुम्ही मला म्हणालात, "पंजूला गेलास का होरी चांगली वर ओढून ठेव. पान्यान नको ठेवूस." मी मान डोलावली. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं सुट्टं करून, पुसून, पुन्हा जोडून बघतोय.

पहिले दोन दिवस आम्ही जवळजवळ बोललोच नाही. मनोरीच्या किनाऱ्याला तिने पाय पाण्यात सोडले. गोराईला एका बाईने आम्हाला नवीन लग्न झालेलं ओळखून ताडगोळे दिले, पैसे घेईना. उत्तनला वारा पडला आणि मी वल्ही मारून घामाघूम झालो, तेव्हा ही म्हणाली, "एक मला द्या." दिलं, आणि पाचव्या मिनिटाला तिच्या हातून ते निसटलं. मी वाकून पकडायला गेलो तर घड्याळासकट हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि वल्हं गेलं ते गेलंच. ती घाबरून माझ्याकडे बघतेय. मी म्हणालो, "एकाच वल्ह्याने मारू, गोल गोल फिरू." ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी मनात दिवस मोजतोय: आज गुरुवार, उद्या पंजू, परवा शनिवारी घर, आणि रविवारी तिचे बाबा.

शुक्रवारी दुपारी भर भरतीला आम्ही वसईच्या खाडीत शिरून पंजूला लागलो. हिच्या पातळाला चिखल लागू नये म्हणून, आणि तुम्ही सांगितलं होतं म्हणून, मी होडी पाण्याच्या शेवटच्या रेषेपर्यंत नेली आणि तिथल्या दोघांना हाताशी घेऊन आणखी वर ओढली. छान बांधली. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजी पडवीतून बघत होत्या. गाठ बसलेली बघून आत गेल्या.

शनिवारी भरती आली आणि होडीपासून दहा पावलांवर थांबली. मी वाट बघितली. पाणी उतरायला लागलं. होडी आणि पाणी यांच्यामध्ये मांडीएवढा चिखल. आजी काठी टेकत आल्या आणि हिला म्हणाल्या, "बाय गो, तुजा घोव खुला हाय का? बीजेला होरी टकलावर नेली!" खुळा मी, कारण पुनवेनंतरच्या दुसऱ्या तिथीला, बीजेला, मी होडी पार उंचावर नेली होती. मग त्यांनी जे सांगितलं ते कोळ्याच्या लहान पोरालाही माहीत असतं. पुनवेच्या उधाणानंतर रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा कमी चढते, अष्टमीपर्यंत उतरतच जाते, आणि मग पुन्हा अमावास्येकडे चढायला लागते. उधाणाच्या पाण्याने वर नेलेली होडी पुढच्या उधाणालाच पाण्याला लागते. मी घड्याळावर चालणारा माणूस, मला भरतीची वेळ कळत होती. तिथी कळत नव्हती.

"उद्या रविवार ना?" ही म्हणाली. "हो." "मला उद्या घरी असायला हवं होतं." मी तिच्याकडे न बघता विचारलं, "का गं?" मला सगळं माहीत असून विचारलं. ती म्हणाली, "काही नाही." दोघेही खोटं बोललो आणि दोघेही चिखलाकडे बघत बसलो.

रविवारी तिचे वडील बोरिवलीला आले. दादाच्या खाटेवर मांडीत छत्री घेऊन संध्याकाळपर्यंत बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही, हे वहिनीने नंतर सांगितलं. "होडीतून फिरायला गेलेत" यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आपल्या मुलीला कुठेतरी लपवलंय असंच त्यांना वाटलं.

आम्ही इकडे पंजूला बारा दिवस काढले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आजींच्या पुतण्याने त्याच्या होडीचं बंद पडलेलं इंजिन दाखवलं. पिशवी माझ्याबरोबर होतीच, मी लग्नालाही घेऊन गेलो असतो. अंगणात गोणपाट पसरून मी हत्यारं मांडली. ही येऊन उभी राहिली. "हा तुमचा कारखाना?" "हो." "सगळा?" "सगळा." तिने पदर खोचला. "बरं. मग दाखवा, कसा चालतो."

दोन दिवस ती हत्यारं देत होती. पाने कोणते कितीचे हे दुसऱ्या दिवशी मला सांगावं लागलं नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली, आमची ऐकायची पद्धत. मग तिच्या कानाला लावली. "आत कुठेतरी खट् खट् होतंय बघ, एकसारखं नाही." ती डोळे मिटून ऐकतेय, कपाळाला ऑइल लागलंय. "होतंय," ती म्हणाली. त्या आवाजातच मी म्हणालो, की कारखान्याचं दादा बोलला, पण गप्प मी बसलो. तिने डोळे उघडले नाहीत. "माहीत आहे मला. पोह्यांची बशी हलत होती तुमच्या हातात." तुम्ही म्हणाला होतात इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही. आम्ही तिथेच बोललो. तेवढं एक तुमचं चुकलं, तांडेल.

अमावास्येला पाणी होडीच्या बुडाशी आलं. चौघांनी लोटली, पुतण्याने एक वल्हं दिलं, आम्ही मढला आलो. तुम्ही अख्ख्या बंदरासमोर मला झापलंत. "तिथी कलत नाय नि दर्यान जातंस? पोरीला मारली असतीस! विंजिनाचा मिस्त्री म्हने!" लोक हसत होते. मी हळूच म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ना, वर ओढून ठेव." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "मी बोललो नि तू ऐकलंस? तुजं डोकं कुठं होतं तवा?" वाळत घातलेल्या बोंबलांच्या मागे तांडेलीणबाई तोंडाला पदर लावून होत्या. हसत होत्या की उन्हासाठी, देव जाणे. त्यानंतर तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, दर पुनवेला हा प्रश्न ओठांवर यायचा. एकदा तुम्ही आजारी असताना विचारलाही. तुम्ही म्हणालात, "कंची होरी?" आणि कूस बदललीत.

तुम्ही मुद्दाम केलं असेल, तर माझा संसार तुमच्या एका लबाडीवर उभा राहिला, आणि हिला मी ते सांगायला हवं होतं. नसेल केलं, तर तो निव्वळ माझा मूर्खपणा, आणि मग इतकी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडत आलो ते फुकट. पुढे खरंच कारखाना झाला, तीन लेथ झाले, सासरे त्याच्या पूजेला आले आणि पहिल्यांदा बोलले: "पंखा लावा जरा." लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला मुलं, सुना ती गोष्ट सांगायला लावतात. मीही रंगवून सांगतो: समुद्रानेच अडवलं हो आम्हाला, चारी बाजूंनी पाणी, सुटकेचा मार्गच नाही, बारा दिवस! ही बाजूला बसून ऐकते. मधे कधी बोलत नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही, तर एक गोष्ट लिहून टाकतो. परत आल्यावर वहिनीने मला एक पोस्टकार्ड दाखवलं होतं. हिच्या अक्षरात, त्या सोमवारी टाकलेलं. "होडीला पाणी लागलं की येतो. बाबांना समजावून सांगा." कार्ड बेटावरून बाहेर गेलं कसं, हे मी वहिनीला विचारलं नाही आणि हिला तर कधीच नाही. विचारायची गरज नव्हती. पंजूहून नायगावच्या काठाला रोज दोन वेळा माणसांची ने-आण करणारी होडी, तर, सुटत असे, सकाळी एक आणि दुपारी एक. नावाडी सुटताना मोठ्याने हाक द्यायचा आणि ती पडवीत बसलेल्या कुणालाही ऐकू यायची. पलीकडे उतरल्यावर बोरिवलीला पोचायला तासभरही लागत नसे.