पालक डिप, लॉट नंबर सात

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
निर्णय झाला. कन्येच्या नव्या घराची पार्टी २२ तारखेला, शनिवारी संध्याकाळी. पालकाचं डिप मी करणार. तेच हिरवं, क्रीमवालं, जे ही, कन्येची आई, गेली सत्तावीस वर्षं प्रत्येक पार्टीला करत आली आणि जे लोक ब्रेडने वाडगा पुसून खातात.

ही सध्या थोरल्या बहिणीकडे असते. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवसांसाठी गेली. त्याला आता पाच महिने झाले. गुडघा म्हणजे वेळ लागतोच.

पार्टीला ही येणार आहे. डिप चाखेल, मी केलंय हे तिला कळेल, आणि माझ्याबरोबर घरी येईल. यात न होण्यासारखं काही नाही.

कन्येला फोन करून सांगितलं. ती आधी नुसतं बाबा, बाबा करत राहिली. मग म्हणाली, बाबा, आपण बाहेरूनच मागवू या ना. ठाम नकार दिला. आनंदाने बिचारीला शब्द सुचत नव्हते.

४ फेब्रुवारी, मंगळवार
रेसिपी. हिला विचारलं तर सरप्राइज फुटेल. तशी गरजही नाही. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शन केलंय. तयार माल बघून तो कसा बनला असेल हे मला कळतं. पालक, क्रीम चीज, मेयोनेज, लसूण, मीठ. पाच पार्ट. पंपात बेचाळीस असतात.

शिवाय त्या डिपमध्ये माझाही वाटा आहेच. दर पार्टीला पाहुणे यायच्या आधी पहिला चमचा मी चाखायचो आणि काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगायचो. त्यातूनच ते सुधारत गेलं. ही हे कधी बोलून दाखवत नाही, पण मनातून जाणत असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार
भाजीवालीकडून चार जुड्या पालक घेतला. तिने विचारलं, ताई बरेच दिवस दिसल्या नाहीत? मी गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, मागच्या आठवड्यात पुलापलीकडच्या बाजारात भेटल्या होत्या की, बहीण पण होती बरोबर, तरातरा चालत होती.

तरातरा चालणं हा फिजिओथेरपीचा भाग असतो.

लॉट नंबर १. पालक कच्चाच मिक्सरला लावला. झाकण धरायचं असतं हे कुणीतरी मशीनवर लिहायला हवं होतं. ओटा, भिंत, चष्मा, कॅलेंडरचा फेब्रुवारी. वाडग्यात साधारण तीन चमचे पडलं. चव गवताची. रिजेक्ट.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लॉट २. या वेळी पालक उकडला. तुकडे तीन मिलिमीटरचे हवेत असं ठरवून व्हर्नियर काढला. पस्तीस पानं मोजून झाल्यावर कंबर धरली. बाकीचं अंदाजाने चिरलं. डिप इतकं पातळ झालं की कपात ओतून पिता आलं असतं. दोष अर्थात मेयोनेजचा. रिजेक्ट.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
लॉट ३. दाताखाली वाळू आली. पालक धुतला होता, एकदा. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटीभर नेऊन दिलं. बाई रिटायर्ड मास्तरीण, आयुष्यभर पोरांच्या वह्या लाल केलेल्या. एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, पालक तीन पाण्यांतून धुवायचा, उकडल्यावर फडक्यात घालून घट्ट पिळायचा आणि लसूण कच्चा नाही, परतून घालायचा. मी म्हणालो, माझ्याही हे लक्षात आलंच होतं.

मग त्यांनी विचारलं, ती का गेली हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?

विषय डिपचा होता. बाईंचं आता वय झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज डोकं चालवलं. आपल्याकडे सगळं लेखी असताना अंदाज कशाला?

फ्रिजशेजारी खिळ्याला शेरा-वही असते. दोरीला पेन बांधलेलं. नऊ वर्षांपूर्वी मीच सुरू केली. जेवून उठलं की त्या दिवसाचे दोष लिहायचे, म्हणजे तोंडी वाद होत नाहीत आणि रेकॉर्डही राहतं. रिटायर झाल्यापासून नोंदी नियमित झाल्या, कारण आता तिन्ही वेळेला मी घरी. ही जाताना कपडे, औषधं, दोन्ही चष्मे, शिवणाचं मशीनसुद्धा घेऊन गेली. वही तेवढी विसरली.

तर वहीतून डिपच्या सगळ्या नोंदी काढल्या. एकेचाळीस निघाल्या. डिप पातळ. डिप घट्ट. लसूण जास्त. लसूण कळत नाही. मीठ कमी. रंग मागच्या वेळेइतका नाही. ब्रेडचे तुकडे असमान.

ज्या दिवशी डिप बरोबर झालं, त्या दिवसाचं प्रमाण हवं होतं. तशी नोंदच नाही. एकही नाही. पण त्यात माझी चूक नाही. कारखान्यात रिजेक्ट तेवढं लिहितात, ओके माल सरळ पुढे जातो. ओके म्हणजे काही न लिहिणं. हिला हे माहीत असणारच.

नाहीतर सांगायला हवं होतं का? असो. कणीक मऊ, भात गिजका, चहा गार वाचत बसलो आणि लॉट ४ भांड्याला लागला. रिजेक्ट.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
लॉट ५. फडक्यात पिळला. पालकातून इतकं पाणी निघालं की माझा विश्वास बसेना. मेयोनेजची मनातल्या मनात माफी मागितली. डिप जवळजवळ जमलं. रीवर्क करून ओके होऊ शकेल.

दुपारी हिला बहिणीच्या घरी फोन केला, पार्टीबद्दल काही न बोलता, सहज. मेहुणीने उचलला. ही कामावर आहे म्हणाली. कसलं काम? एका शाळेच्या ऑफिसात लागलीय, दोन महिने झाले. मेहुणी सांगताना जरा अवघडली. मला वाटतं हिने माझ्यासाठी सरप्राइज म्हणून ठेवलं असावं. आमच्या घरात सध्या दोन्ही बाजूंनी सरप्राइजच चाललीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
घराची तयारी. हिच्या बाजूचं कपाट रिकामं करून पुसलं. रिकामं होतंच, पुसलं. नवी चादर आणली, निळी. हिला निळा आवडतो की हिरवा ते नक्की आठवेना. कन्येला विचारलं. ती म्हणाली, पिवळा. मग म्हणाली, बाबा, तुम्ही फार अपेक्षा ठेवू नका हं. मी म्हणालो, चादरीकडून कसली अपेक्षा?

चादर बदलून आणायला गेलो. पिवळी संपली होती. निळीच ठेवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
लॉट ६. वरच्या बाईंनी सगळं संपवलं, वर दुसऱ्यांदा मागितलं. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, कुणी चांगलं म्हटलं की बरं वाटतं ना? वाटलं. खोटं कशाला लिहू. जिना उतरताना पाय हलके पडत होते. अडुसष्ट टक्के यश बाईंच्या सूचनांचं, बाकी माझं. नाही, उलट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्याचं वेळापत्रक:
६.४५ पोहोचणे.
७.१५ डिप टेबलावर. ब्रेडचे तुकडे समान.
७.३० ही चाखते.
७.३१ कुणी केलं विचारते.
७.३२ जावई माझ्याकडे बोट दाखवतो (त्याला पढवून ठेवलंय).
७.३५ हिच्या डोळ्यांत पाणी.
७.४० घरी येण्याचं ठरणे.
९.३० परत. टॅक्सी, हिची बॅग मागे.

चुकेल कशाला? घोडामैदान जवळच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११
लॉट ७. तीन पाणी. पिळून. लसूण परतून. मीठ दोन वेळा चाखून. ओके.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८
काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

ही आली. पिवळा ड्रेस. केस कापलेत. मी ओळखायला अर्धा सेकंद उशीर केला आणि तो तिला दिसला. चांगली दिसत होती. तेव्हा बोललो नाही.

सात पस्तीसला ब्रेडचा तुकडा घेऊन डिपपाशी आली. चाखलं. जावयाने घाई करून बोट आधीच दाखवलं. हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, छान झालंय.

मी थांबलो. पुढचं येईल म्हणून. मीठ, लसूण, रंग, काहीतरी. काही आलं नाही. शेवटी मीच विचारलं, काय कमी आहे? म्हणाली, काही नाही, छानच झालंय. आणि आणखी एक तुकडा घेतला.

किती सहज म्हणाली. वाटेत भेटलेल्या माणसाला किती वाजले सांगावं तितकं सहज. एवढंच असतं ते? मी नऊ वर्षं वही भरली आणि हे दोन शब्द माझ्याच्याने झाले नाहीत. तिथे उभ्या उभ्या हातातला ब्रेड मी नुसताच मोडत राहिलो. जावई विचारत होता, बाबा, बरं वाटतंय ना.

मग गॅलरीत गाठली. म्हणालो, आता तुझ्या ताईंचा गुडघा बरा आहे, घरी चल. ती गजाला धरून उभी होती. म्हणाली, गुडघा डिसेंबरातच बरा झाला. बहिणीच्या गल्लीतच दोन खोल्या बघितल्यात, एक तारखेला तिथे जायचंय. चिडून नाही बोलली. चिडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी म्हणालो, वही आजच टाकून देतो, फाडून टाकतो. ती म्हणाली, वहीचं काय हो, वहीत लिहायच्या आधी ते तुमच्या तोंडावर यायचं. मी ताट वाढायचे आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे, माझं जेवण गार व्हायचं. आता मीठ जास्त पडलं तर पडतं, मी पाणी पिते आणि जेवते. मला तिथे भूक लागते हो, म्हणाली.

निळी चादर आणलीय म्हणालो. इतकं मूर्खासारखं वाक्य आयुष्यात बोललो नसेन. ती हसली नाही. माझ्या कोटाच्या बाहीला पालक लागला होता, तो तिने रुमालाने पुसला आणि आत गेली.

टॅक्सीत मागची सीट रिकामी होती. ती येणार नाही. गुडघ्याचं नव्हतंच ते, पहिल्या दिवसापासून. मला माहीत होतं. भाजीवालीला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, मलाही होतं.

२३ फेब्रुवारी, दुपारी १
निघताना कन्येने उरलेलं डिप डब्यात घालून दिलं होतं. ब्रेड भाजला. आधी उभ्यानेच खाणार होतो, मग ताट घेऊन नीट बसलो. खाल्लं.

चांगलं झालंय. खरोखर चांगलं. लसूण मागून येतो, पालक दाताला लागत नाही. तिचंही असंच असायचं. असंच काय, जास्त चांगलं.

हे तिला सांगावं म्हणून फोन उचलला. नंबर काढला. पण काहीतरी चांगलं झालं होतं एवढंच सांगायला मी तिला आजवर कधी फोन केला नव्हता. सुरुवात कशी करतात ते कळेना. फोन ठेवून दिला आणि डबा घासायला घेतला.