गेटाच्या खांबातली किल्ली

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
२० जुलै २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे, तुझी खुशाली कळव. फोन केला तर मी विचारतो एक आणि तू सांगतेस भलतंच, म्हणून आपलं पत्रच बरं. तुझ्या शिवराजनं कानाचं मशीन आणून दिलंय ते डब्यात ठेवण्यासाठी नाही, एवढं धाकट्या भावाचं ऐक.

बातमी अशी की आमच्या कॉलनीत चोरट्यांनी उच्छाद मांडलाय. कोपऱ्यावरच्या बंगल्यात भरदिवसा कपाट फोडलं. परवा समोरच्या अप्पारावांच्या जावयाची गाडी दारातून गेली. बिचारा सासुरवाडीला जेवायला मोटारीतून आला आणि रिक्षानं परत गेला. हे अप्पाराव गेल्या दिवाळीनंतर राहायला आलेत, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. माणूस भला आहे, पण सध्या हातात काठी घेऊनच फिरतो. मंजुषाची झोप उडालीय. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीवर अजून धड ओरखडासुद्धा नाही, तिच्या काळजीनं माझीही उडाली.

शेवटी आमच्या सुयशनं पुण्याहून माणूस पाठवून सगळा बंदोबस्त करून दिला. गॅरेजला लोखंडी शटर, त्याला दोन्हीकडून कुलूप, स्टेअरिंगला अडकवायचा दांडा, गेटावर कॅमेरा. आणि सगळ्यांत भारी म्हणजे सायरन. घराबाहेर पडताना बटण दाबायचं, मग गेटाला किंवा शटरला कुणी हात लावला की तो कोकलतो. पहिल्या दिवशी मीच विसरून गेट ढकललं तर सगळी कॉलनी गच्चीवर आली. मंजुषा म्हणाली की पहिला चोर घरातलाच सापडला.

शेंगा निघाल्या की आमची आठवण ठेव. माझ्यावरची माया आणि मला रागावण्याचा हक्क, दोन्ही आहेत तसेच राहू देत.

तुझा
रामकिसन


गंगापूर
५ ऑगस्ट २०२५

चि. रामकिसन यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन कानात घातलं की सुनेची भांडी थेट डोक्यात वाजतात. ती कधी रागात आहे हे मला कळायला नको, म्हणून मी ते डब्यात ठेवते. आमच्या घरातली शांतता त्या डब्यामुळं आहे.

तुझ्या बंदोबस्ताचं वाचून हसू आलं. लहानपणी तू गोट्यांची पिशवी उशाखाली घेऊन झोपायचास आणि उठल्याबरोबर मोजायचास. साठी उलटली तरी तू तोच. पण गाडी जप हो, हौसेची वस्तू गेली की माणूस खचतो. तुझे भावजी गेल्यावर त्यांची राजदूत विकली, तर मला कितीतरी दिवस अंगण रिकामं दिसायचं.

यंदा पोळा झाला की मी महालक्ष्म्यांसाठी तुझ्याकडं येते. फुलोऱ्याच्या करंज्या मंजुषाकडून तेलात फुटतात, हे मी लिहिलंय असं तिला सांगू नकोस. दिवस कळवत नाही. जीप भरेल तेव्हा निघेन. लोकांच्या बहिणींना न्यायला भाऊ मुराळी होऊन जातो. मला आई-वडील गेल्यापासून कधी मुराळी लागला नाही. तुम्ही घरी नसलात तरी जास्वंदीमागं गेटाच्या खांबात हात घालायचा, खोबणीतली किल्ली काढायची, आणि तुम्ही बाजारातून येईपर्यंत चहा ठेवायचा. माझं माहेर असं आहे, हे मी इथं सगळ्या बायांना सांगत असते. बाकी कुलपं लाव कितीही, तेवढी किल्ली जागेवर असू दे.

मंजुषाला आशीर्वाद. आईच्या मागं तुझं दार आहे म्हणून मी आहे, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी
अक्का


गंगापूर
२७ ऑगस्ट २०२५

चि. रामकिसन यास,
अनेक आशीर्वाद.

यंदा महालक्ष्म्यांना माझं येणं जमत नाही. गुडघा धरलाय आणि जीपमधली दाटी सोसत नाही. शेंगा होत्या त्या इथंच वाटून टाकल्या. मंजुषाला सांग, करंजीच्या कडा दुधाचं बोट लावून दाब म्हणावं, फुटणार नाहीत.

गेटाजवळची जास्वंद लई वाढली, अर्धा खांब झाकून गेलाय. पाऊस उघडला की छाटून घे.

घर जपा. सर्वांना आशीर्वाद.

अक्का


पडेगाव
३ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी हातात पडलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, आणि मग जास्वंदीची ओळ आली. अक्का, जास्वंद वाढली ती या पावसाळ्यात. तू दिवाळीनंतर इकडं आलेली नाहीस, असं मी समजत होतो.

पोळ्यानंतर एका दुपारी आम्ही गुलमंडीला महालक्ष्म्यांचा बाजार करायला गेलो होतो. परत आलो तर अप्पाराव मोठ्या उत्साहात सांगायला आले. एक म्हातारी गेटात हात घालत होती, सायरन झाला, आम्ही सगळे धावलो आणि तिला हुसकून लावली, आजकाल बायाच आधी पाहून जातात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचे आभार मानले. घरात बोलावून चहा पाजला. माझा बंदोबस्त कामाला आला म्हणून मला आनंद झाला होता, अक्का. कॅमेऱ्यात बघण्याचीसुद्धा गरज वाटली नाही.

ते तुझं पत्र वाचल्यावर बघितलं. तू पिशवी खाली ठेवलीस, पदर खोचलास आणि खांबात हात घातलास. मग पलीकडच्या खांबात घालून पाहिलंस. मग गेटाची कडी काढलीस. समोरची दारं धडाधड उघडली, माणसं धावत आली, पण तुला सायरन ऐकूच येत नव्हता. तू अप्पारावांकडं बघून हसलीस आणि हात जोडलेस. ते हातवारे करत होते, तू पुनःपुन्हा आपल्या घराकडं बोट दाखवत होतीस. कुणीतरी तुझी पिशवी उपडी केली. शेंगा रस्त्यावर पसरल्या. तू खाली बसलीस आणि त्या गोळा केल्यास. सगळे उभे राहून बघत होते. पिशवीला गाठ मारून तू निघून गेलीस आणि वळून पाहिलं नाहीस.

किल्ली काढायला सुयशनं सांगितलं होतं. चोर आधी खांबातच हात घालतात, असं तो म्हणाला आणि मला पटलं. तू तिच्याबद्दल लिहिलंस ते मी वाचलं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तुला काय सांगावं ते सुचेना, म्हणून टाळत गेलो.

अप्पारावांना सगळं सांगितलं. तुझे पाय धरायला गंगापूरला येतो म्हणत होते, मीच थांबवलं. मंजुषा रडते आहे. फुलोऱ्याच्या करंज्या सगळ्या फुटल्या.

मला वाटेल ते बोल, पण बोल. तुझ्या मायेला मी आता पात्र आहे की नाही, ते तूच ठरव.

तुझा
रामकिसन


गंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. रामकिसन यास,
अनेक आशीर्वाद.

असं मनाला लावून घेऊ नकोस, तुला बीपी आहे. मंजुषालाही सांग. गुडघ्याचं मी खोटं लिहिलं, तेवढ्यासाठी मलाही एक रागाव, म्हणजे फिटंफाट झाली.

त्या अप्पारावांवर माझा राग नाही. शेजाऱ्याचं घर राखायला धावून येणारी माणसं मिळत नाहीत, त्यांना जप. एक बाई मात्र मोठमोठ्यानं काही बोलत होती. मला आवाज येत नाही, पण चोर हा शब्द ओठांवरून कळला. मग मी बोलणं सोडून दिलं. माझ्या भावाचं घर आहे, हे किती वेळा सांगायचं?

सायरनचं तू लिहिलं होतंस, मी विसरले नव्हते. मला वाटलं, ते चोरांसाठी आहे.

खरं तर खोबण रिकामी लागली तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं. मी आपली बोटं आत फिरवत राहिले, किल्ली मागं सरकली असेल म्हणून. घरी आल्यावर इथल्या बायांनी विचारलं की इतक्या लवकर कशी परत आलीस. मी सांगितलं, भाऊ परगावी गेला होता.

इथून पुढं मी आधी कळवून येत जाईन. पाहुण्यांनी कळवून यावं, त्यात वाईट काही नाही. तुमचीही धांदल होणार नाही.

जीवाला जप. माया होती तेवढीच आहे.

तुझी
अक्का


पडेगाव
६ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गाडी गेली.

दसऱ्याला तिची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि कर्णपुऱ्याच्या यात्रेत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून आम्ही रिक्षानं देवीला गेलो. जाताना शटर ओढलं, दोन्ही कुलपं लावली, बटण दाबलं. परत आलो तर गल्लीच्या तोंडापासूनच सायरन ऐकू येत होता. शटर वाकवून वर केलेलं, स्टेअरिंगचा दांडा कापून जमिनीवर टाकलेला, आणि झेंडूच्या पाकळ्या गेटापर्यंत सांडलेल्या.

अप्पाराव दार लोटून त्यांच्या घरात बसले होते. मी ओरडलो, इतका आवाज होतोय तरी कुणी उठलं कसं नाही. ते म्हणाले, व्हय, आवाज तर ऐकला, पण आम्हाला वाटलं तुमच्या अक्का आल्या. मागं आमच्याकडून लई मोठी चूक झाली, म्हणून यावेळी कुणी उठलंच नाय, म्हणलं जाऊ द्या त्यांना आत. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका सरळ होता की मी परत येऊन सायरन बंद केला.

गाडीचं वाईट वाटतंच. पोलिसांत तक्रार दिलीय, बघू. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. सगळी कॉलनी तुला वाट द्यायला तयार होती, आणि त्या वाटेवर तू नव्हतीस.

सायरन मी काढून टाकला. सुयश फोनवर पुष्कळ ओरडला. कॅमेरा आणि कुलपं ठेवलीत, पण किल्ली खांबात परत ठेवली. भाऊबीजेला मी तुला न्यायला येतो. गाडी नाही, तेव्हा एसटीनं येईन आणि जीपनं आणीन, चालेल ना? इतक्या वर्षांत तुझा मुराळी व्हायची वेळ माझ्यावर आली नाही, ती आता आलीय. नाही म्हणू नकोस.

तुझा
रामकिसन


गंगापूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रामकिसन यास,
अनेक आशीर्वाद.

गाडीचं वाचून घास गोड लागेना. माझ्या नावानं गेली ती, हे मनातून जात नाही. तू कितीही नाही म्हणालास तरी.

ये न्यायला. अनारसे करून ठेवते. त्या दिवशी मशीन कानात घालून बसेन, म्हणजे तू हाक मारलीस की कळेल.

तुझी
अक्का


पडेगाव
२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला पोचवून आल्यापासून लिहायचं म्हणतो आहे. भाऊबीज छान झाली. तू ओवाळलंस, मंजुषाच्या शेवेला नावं ठेवलीस, अप्पारावांनी पाय धरले तेव्हा त्यांनाच अनारसा खाऊ घातलास. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की सगळं पहिल्यासारखं झालं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

पण अक्का, आपण आलो तेव्हा मी जीपवाल्याकडून पिशव्या घेत होतो आणि तू पुढं झालीस. गेटाशी जाऊन थांबलीस. मला वाटलं, दम लागला असेल. गेट सताड उघडं होतं. मी तुला खांबातली किल्ली दाखवली. तू बघितलीस, मान हलवलीस, पण खांबात हात घातला नाहीस. मंजुषा बाहेर येऊन या म्हणाली, तेव्हा तू आत पाऊल टाकलंस. नंतर मी रोज बघत होतो. तुला चहा लागला की तू मंजुषाला विचारायचीस. स्वयंपाकघरात जाऊन तू एकदाही गॅस पेटवला नाहीस.

दुसरी बातमी म्हणजे गाडी सापडली. वैजापूरच्या रस्त्याला सोडून दिलेली होती. एका बाजूला खरचटलंय, आरशाला हाराचा दोरा तसाच गुंडाळलेला आहे. आता ती गॅरेजमध्ये उभी आहे. कॉलनीतले लोक येऊन बघून जातात आणि म्हणतात की तुम्ही नशीबवान, चोरीला गेलेलं असं परत कुणाला मिळत नाही. मी त्यांना होय म्हणतो.

जास्वंद छाटली. किल्ली जागेवर आहे. गंजू नये म्हणून मी ती मधूनमधून काढून पुसतो. मंजुषानं चहा-साखरेचे डबे तुझ्या हाताला येतील असे खालच्या फळीवर ठेवलेत.

तुझा लोभ मागत नाही, तो तू कधी कमी केला नाहीस. एकच मागतो. पुढच्या खेपेला न कळवता ये.

तुझा
रामकिसन