महिन्याचं दुखणं

भिलाई, सेक्टर चार
२ फेब्रुवारी १९६१

चि. सौ. कमलिनीले अन्नपूर्णाबाईचा आशीर्वाद.

आम्ही इथं बरे आहो. तुमसरले तुम्ही सगळे बरे असाल. तुझे बाबा येऊन तुले घेऊन गेले त्याले आता तीन आठवडे होऊन राहिले, पण पोहोचल्याचं साधं कार्डही नाही. देवीदास ड्युटीवरून आला की पायातले बूट काढायच्या आधी टपालाचं विचारतो.

आपल्या कोपऱ्यापर्यंत डांबरी सडक झाली. धूळ मात्र तेवढीच आहे. परवा मुगाच्या वड्या वाळू घातल्या तर तासाभरात त्यायच्यावर लाल थर. देवीदासची या आठवड्यात दुपारची शिफ्ट आहे. दोनदा डबा घरीच विसरून गेला. तुझ्या नणंदेची, शीलाची परीक्षा जवळ आली. ती आता घरातही हिंदीतच बोलते, मी मराठीत विचारलं की हसते. समोरची शकुबाई तुझी विचारपूस करते.

तुझं डोकं कसं आहे? या महिन्यात दुखलं काय? भुवईवरची जखम भरत आली असेल. खोबरेल तेल लावत जा. अन् चुलीजवळ एकटी बसत जाऊ नको. इथं घेरी येऊन शेगडीवर पडली तशी तिथं पडली तर लोक काय म्हणतील? तुझ्या बाबायनं काही विचारलं तर आपलं जे ठरलं आहे तेच सांगजो. उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाले घोर कशाले?

होळीच्या आधी ये. कार्ड टाकलं तर देवीदास घ्यायले येईल.

तुझी सासू,
अन्नपूर्णाबाई


भिलाई
२१ फेब्रुवारी १९६१

चि. सौ. कमलिनीले आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "मी कुठं पडली होती ते तुमाले माहीत आहे. शीलाले सांभाळा." एवढंच? वडीलधाऱ्या माणसाले नमस्कार लिहायची तरी रीत आहे. बरं तर बरं, कार्ड माझ्याच हातात पडलं. शीला शाळेत होती. मी ते पदराखाली घेतलं अन् शेगडीत टाकलं. देवीदासनं विचारलं तर म्हटलं, बरी आहे, सध्या येत नाही म्हणते. तो जेवला नाही.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालून ठेवते. गोंदियाचे रामाजीभाऊ, तुझे चुलतसासरे, परवा आले होते. त्यायनं बोलणं काढलं. म्हणे, मिरगीवाली बायको घेऊन पोरानं जन्म कसा काढायचा? साळेकशाकडे एक पोरगी आहे, घर चांगलं आहे. देवीदास उठून बाहेर गेला. भाऊ गेल्यावर देवीदास मले विचारतो, "आई, तिले खरंच मिरगी आहे काय? दर महिन्यात चार दिवस डोकं धरून बसते, बाकी तर चांगली राहते. मिरगी अशी असते काय?"

मी तांदूळ निवडून राहिली होती. निवडतच राहिली.

तू मनात काय धरून बसली ते मले समजते. पण मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं. शकुबाईच्या जावेले त्या झाडफूक करणाऱ्या बैगाच्या हातानं गुण आला होता. दवाखान्यात जाऊन परक्या माणसाले बायकांच्या अडचणीचं सांगायचं, हे आपल्या घरात कधी झालं नाही. अन् डाग काही मी नाही दिला.

भाऊ होळीनंतर पुन्हा येणार आहेत. त्याच्या आत तू ये. आली म्हणजे सगळं आपोआप शांत होईल. मी तुले टोचून बोलणार नाही. तूही जुनं काढू नको.

तुझी सासू,
अन्नपूर्णाबाई


भिलाई
१९ मार्च १९६१, रविवार

कमलिनी,

आज आशीर्वाद लिहायले हात उचलत नाही. हे पत्र सकाळपासून तिसऱ्यांदा लिहून राहिली. शेवटपर्यंत वाच एवढीच विनंती.

सोमवारी दुपारी शीला शाळेतून मधेच घरी आली. दप्तर डोक्यावर धरलेलं, डोळे बारीक केलेले. दारातच बसली. "आई, इथं दुखते," म्हणून उजव्या डोळ्याखालचं गालाचं हाड दाखवलं. नाक चोंदलेलं, पण सर्दी नाही. मग ओकारी. खिडकीवर चादर टाकायले लावली. प्लांटचा भोंगा वाजला तशी तिनं उशी कानावर दाबली अन् अशी विव्हळली की माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिले दिवाळीपासून पाळी येऊन राहिली. यावेळची तारीख तीन दिवसांवर होती.

तुझं जसं दुखायचं, तसंच.

तुझ्या तारखा मले पाठ होत्या, कमलिनी. तू बाहेर बसली की स्वयंपाक माझ्यावर यायचा, म्हणून मी दिवस मोजायची. तुझं डोकं नेहमी त्याच्या आधी तीन दिवस उठायचं. हे मले पहिल्या दोन महिन्यांतच कळलं होतं. मी कोणाले सांगतलं नाही.

शीलाचं विव्हळणं ऐकून शकुबाई धावत आली. म्हणाली, "सुनेचं होतं तेच पोरीवर आलं. बैगाले निरोप पाठवते, रुआबांध्यावरून तासाभरात येईल." देवीदास रात्रपाळी करून घरी झोपला होता, तो उठून आला. बहिणीकडे पाहून त्याचं तोंड उतरलं. मले म्हणतो, "तिच्या वेळेस आपण काहीच केलं नाही, म्हणून ती शेगडीवर पडली. शीलाच्या वेळेस थांबू नको. बोलव त्याले."

शकुबाई दारापर्यंत गेली होती. तेवढ्यात शीलानं डोळे उघडले अन् माझा हात झटकला.

"आई, तू मले धरू नको. वहिनीले धरलं तसं मले धरू नको."

देवीदास म्हणाला, "कसं धरलं?"

"खिड़की से देखा था मैंने," शीला म्हणाली. "वहिनी गिरी नहीं थी, भैया."

पोरीनं चार महिने हे पोटात ठेवलं होतं अन् माझ्या हातचं जेवून राहिली होती. मी शकुबाईले म्हटलं, तू घरी जा. दार लावलं. मग मी देवीदासले सगळं सांगतलं. तुले जे माहीत आहे तेच इथं पुन्हा लिहून राहिली, कारण हे कुठंतरी लिहिलेलं असलं पाहिजे.

कार्तिकात देवीदास सकाळच्या शिफ्टले गेल्यावर मी बैगाले घरी बोलावलं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तू म्हटलं, "आत्याबाई, उद्या-परवा आपोआप थांबेल, दर महिन्यात थांबते." बैगानं शेगडीत विळ्याचं टोक तापवलं. शकुबाईनं पाय धरले. तुझं डोकं मी धरलं, दोन्ही हातांनी, मांडीत दाबून. तू माझ्याकडे पाहून राहिली होती. डाग दिल्यावरही डोकं दोन दिवस दुखतच होतं. तिसऱ्या दिवशी पाळी आली अन् थांबलं, अन् मी क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत सांगत फिरली की बैगाचा गुण आला.

अन् देवीदासले सांगतलं की तू घेरी येऊन पडली. तुले दटावलं की तोंड उघडलं तर हिच्या अंगात येते असं साऱ्या तुमसरात कळवीन, तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होणार नाही. तू गप्प बसली ती त्याच्यासाठी.

देवीदासनं मले शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खाली बसला. म्हणाला, "ती शेगडी पेटवायले लागली की मी तिच्या हातातली काडीपेटी घेऊन घ्यायचो. मिरगीवाली समजून. ती माझ्याकडे पाहायची अन् मले वाटायचं, हिले राग कशाले येते?" मग शीलाले उचलून सायकलवर बसवलं अन् सेक्टरच्या दवाखान्यात नेलं. मी मागून चालत गेली. त्यानं वळून पाहिलं नाही.

तिथं एक मद्रासकडची डॉक्टरीणबाई आहे. तोडकं-मोडकं हिंदी बोलते. तिनं देवीदासले बाहेर बसवलं अन् पहिला प्रश्न हाच विचारला, पाळी कोणत्या तारखेले येते? शीला लाजून मान वर करेना, तर मी सांगतलं. डॉक्टरीण म्हणाली, हे पुष्कळ बायकांले होते. पाळीच्या आधी अंगात बदल होतो, त्यानं कोणाचं अर्धं डोकं दुखते, कोणाचं गालाचं हाड ठणकते, नाक भरून येते. इथल्या धुळीनं, धुरानं आणखी वाढते. भूत नाही, ढोंगही नाही. दुखणं चढायची वाट न पाहता सुरुवातीलेच घ्यायच्या गोळ्या दिल्या. अंधाऱ्या खोलीत पडायचं, कपाळावर गार फडकं, नाक चोंदलं तर पाण्याची वाफ. अन् दर महिन्याच्या तारखा वहीत लिहायच्या. म्हणाली, एकदम जाईल असं वचन देत नाही, पण पोरीले सोसवेल इतकं कमी होईल. शीलाले त्या दिवशी संध्याकाळी झोप लागली.

मी निघता निघता तिले तुझं सांगतलं. तिनं विचारलं, "दाग किसने लगाया?" मी म्हटलं, "मैंने." ती लिहिता लिहिता थांबली. मग म्हणाली, तिले घेऊन या, जखम पाहू द्या. मी म्हटलं, ती येणार नाही.

आता जे कोणालेच सांगतलं नाही ते.

ढोंग हा शब्द डॉक्टरणीच्या तोंडून निघाला तेव्हा मले माझी सासू आठवली. ती मले ढोंगी म्हणायची. मलेही हे दुखणं होतं, कमलिनी. चौदाव्या वर्षापासून पाळी बंद होईपर्यंत, दर महिन्यात. मी कपाळाले सुंठ फासून, फडकं करकचून बांधून जात्यावर बसायची. रेल्वेच्या क्वार्टरात सात माणसांचा स्वयंपाक करायची अन् मागच्या नालीवर जाऊन ओकून यायची. तुझ्या सासऱ्यानं, देव त्यायले सद्गती देवो, एकदाही विचारलं नाही की तुले काय होते.

अन् तू आली. तुझं डोकं दुखलं की देवीदास तुझ्या उशाशी बसायचा. कपाळ दाबून द्यायचा. मले म्हणायचा, आई, जरा हळू बोल. मी भाकरी थापता थापता ते पाहायची. मले तुझा राग यायचा. इतका राग, की तो कुठून येते ते मलेच कळायचं नाही. बैगा आला त्या दिवशी मले ठाऊक होतं की हे बाहेरचं नाही. मी सोडून या घरात हे कोणालेच इतकं ठाऊक नव्हतं. तरी मी तुझं डोकं धरलं. तुझ्या भल्यासाठी धरलं असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं.

रामाजीभाऊ बुधवारी आले होते. मी त्यायले देवीदाससमोर सगळं सांगतलं. ते चहा न घेता गेले. ते बोलणं आता संपलं.

देवीदास माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी म्हटलं, तू तिले पत्र लिही. म्हणाला, "मी काय लिहू? दोन महिने तिच्याशेजारी राहून मी एक प्रश्न विचारला नाही. तू केलं ते तू लिही. माझं मी तिथं जाऊन बोलीन." येत्या रविवारी तो तुमसरले येणार आहे. तुले घेऊन यायले नाही, बोलायले. त्याच्यासोबत यायचं की नाही हे तू ठरव. नाही आली तर या घरातून तुले कोणी नावं ठेवणार नाही, मी ठेवू देणार नाही. अन् मी नसलेल्या घरात यायचं असेल तर तसंही सांग. गोंदियाले माझा सख्खा भाऊ आहे, तो मले ठेवून घेईल. हे मी रुसून लिहीत नाही. शीलालेही विचारलं, ती म्हणाली, वहिनी म्हणेल तसं.

गोळ्यांची नावं अन् डॉक्टरीणबाईनं सांगतलेलं सगळं वेगळ्या कागदावर शीलाच्या अक्षरात लिहून सोबत ठेवलं आहे. तुझी तारीख पुढच्या आठवड्यात आहे. गोळ्या देवीदास आणेल, पण त्याच्या आधी दुखलं तर तुमसरच्या दवाखान्यात तो कागद दाखव. सोसत बसू नको. सोसल्यानं काय होते ते तू माझ्यात पाहिलं.

हे पत्र तुझ्या बाबायले वाचून दाखव. त्यायनं आपल्या पोरीले मिरगीवाली समजून आणखी एक दिवसही काढू नये. त्यायनं हे पंचायतीत नेलं तर मी येईन अन् इथं लिहिलं तेच बोलीन.

माफी मागत नाही. ती मागितली की द्यायचा भार पुन्हा तुझ्यावरच येते.

कार्तिकात तुझं डोकं जिनं धरून ठेवलं होतं, ती
अन्नपूर्णा मारोतराव लांजेवार