उजेडाच्या झडपेपुढे फुटलेला नारळ

कोल्हापूर,
आश्विन वद्य पंचमी, शके १९०१

तीर्थरूप अप्पामामांच्या पायांशी अंबादासचा साष्टांग नमस्कार (खोली लहान असल्यामुळे गुडघे दुमडून). तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि नवी म्हैस यांची खुशाली कळवावी. मी ठणठणीत आहे. मागच्या खेपेला जयसिंगपूरच्या स्टँडवर तुम्ही चारचौघांत विचारलंत, "चार वर्सं दिवं लावतोयस, पर उजेड कुटं हाय?" त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. दिवाळीपर्यंत यंत्र चाललं नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि मग तुम्ही ठरवल्याप्रमाणे साखर कारखान्यात उसाचा रस तपासत बसायचं, हे मी विसरलेलो नाही.

तर मामा, आमचं यंत्र म्हणजे उजेडाची झडप. तांदळाच्या दाण्याएवढा अर्धवाहकाचा स्फटिक. त्याला वीज दिली की उजेड अडतो, काढली की पलीकडे जातो. ही उघडझाप सेकंदाला एक कोटी वेळा झाली पाहिजे, म्हणजे पुढेमागे एकाच उजेडावरून शेकडो माणसं एकदम फोनवर बोलतील (तुमचा ट्रंक कॉल सकाळी लावला तर संध्याकाळी लागतो, हे ध्यानात घ्या). माझी झडप मात्र वीस लाखांवर येऊन अडेल बैलासारखी बसली होती.

स्फटिकाला हादरा बसू नये म्हणून आम्ही त्याच्याखाली भलीमोठी काळ्या दगडाची फरशी बसवली आहे. खंडेनवमीला आमचे प्रयोगशाळेतले शिपाई कृष्णात (वय पन्नास, अंग अजून तालमीतलं) यांनी सगळ्या उपकरणांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. माझी हरकत नव्हती. हत्यारांची पूजा आपल्या घरीही होतेच. पण नारळ फोडायला इतका पक्का दगड साऱ्या इमारतीत दुसरा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि माझ्या आलं नाही. एका दणक्यात नारळ फुटला. स्फटिकही फुटला.

मामा, मी रडलो (तुमच्यापाशी लाज कसली). चार महिन्यांची मेहनत होती ती, आणि डोळ्यांपुढे कारखान्याची चिमणी दिसू लागली. कृष्णात माझ्या हातावर खोबरं ठेवत म्हणाले, "तार अजून चिकटलीया की ह्या तुकड्याला. लावून तर बगा. पुजलेलं हत्यार हाय, वाया जायचं न्हाय." उरला होता जेमतेम पाचवा हिस्सा. निव्वळ त्यांचं तोंड बंद करायला तो लावला, आणि आकडा थेट एक कोटीवर! माझ्या मार्गदर्शक सरांनी तीनदा मोजलं. स्फटिक लहान, तेवढी त्यात वीज कमी साठते आणि भरायला-ओसरायला वेळ कमी लागतो. हे पुस्तकात पहिल्यापासून होतं. आम्ही मात्र मोठा तो चांगला म्हणून त्याला गणपतीच्या मोदकासारखा फुगवत होतो. सर आता निबंधात लिहिणार आहेत की स्फटिकाचा आकार 'विचारपूर्वक कमी केला'. शिष्यवृत्ती दोन वर्षं वाढेल असं ते म्हणतात, आणि मामा, मला खरंच वाटतं, हे जमणार.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
अंबादास

ता. क. कारखान्याच्या साहेबांना माझा नकार कळवावा. गोड शब्दांत.

ता. क. दुसरा. कुरुंदवाडचा बँकेतला मुलगा रविवारी तुमच्या कालिंदीला बघायला येतोय म्हणे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला, असं तुम्हीच माझ्या बारशापासून सांगत आलात. तेव्हा गुढीपाडव्यापर्यंत कळ काढावी.

ता. क. तिसरा. बघण्याचा कार्यक्रम मोडता येत नसेल, तर निदान पोहे कालिंदीलाच करू द्या. तीच कळवते की एकदा खाल्ले तर तो पुन्हा यायचा नाही. मी ते जन्मभर खायला तयार आहे.