ओढ्याकाठच्या रबराच्या झाडांना वर्षाची विश्रांती मिळण्याबाबत

प्रति,
मा. बाग अधिकारी साहेब,
रबर बाग कार्यालय.

विषय: ओढ्याकाठची रांग न तोडता तिला विश्रांती देण्याबाबत.
संदर्भ: आपल्या कार्यालयाची झाडे तोडण्याची नोटीस, जी माझ्या चिकाच्या वाटीत सापडली.

महोदय,

१. माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले त्या वर्षी ओढ्याकाठची रबराची रांग आपल्या कार्यालयाने मला व माझ्या थोरल्या बहिणीला, जिला सगळी बाग आक्का म्हणते, निम्मी निम्मी लावून दिली. कोणती झाडे कोणाची हे हुकुमात नव्हते. सावलीतली झाडे दोघांनाही हवी होती, आणि आमच्या घरात माघार घेण्याची पद्धत नाही. तेव्हा आम्ही रांग वाटलीच नाही, प्रत्येक झाड वाटले. उगवतीकडची साल माझी, मावळतीकडची तिची.

२. चीक वाटीत उतरावा म्हणून सालीला द्यायचा काप एक दिवसाआड द्यावा, म्हणजे मधल्या दिवशी झाडात चीक पुन्हा भरतो, असा आपला नियम आहे. तो मी तंतोतंत पाळला. आक्कानेही पाळला. फक्त माझा सुट्टीचा दिवस हा तिचा कामाचा दिवस होता. नियम दोघांनी पाळला आणि झाडाला एकही सुट्टी मिळाली नाही. हे फार उशिरा लक्षात आले, कारण सुरुवातीला वाट्या काठोकाठ भरत होत्या आणि मुकादमाने दोघांचीही पाठ थोपटली होती.

३. पुढे चीक पातळ झाला, मग आटत गेला. मी दोष आक्काच्या हाताला दिला. ती डावखुरी. सालीतल्या चिकाच्या नळ्या तिरक्या असतात, म्हणून काप डावीकडून उजवीकडे उतरता दिला की जास्त नळ्या उघडतात. तिचा काप नेमका उलटा. तसे मी चिकाच्या शेडमध्ये चारचौघांत सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "तुझं तुझी बायको ऐकत नाही, झाड काय ऐकणार?" यावर उत्तर म्हणून मी माझा काप खोल नेला. चीक वाढला नाही, चाकू लाकडाला लागला आणि सालीवर गाठी आल्या. त्या गाठींनाही मी आक्काच जबाबदार असल्याचे सगळ्यांना सांगितले.

४. यानंतर आमचे बोलणे बंद झाले. निरोप माझ्या बायकोमार्फत जात व वाटेत वाढत. थांबायला दोघेही तयार होतो, पण आधी कोणी थांबायचे यावर गाडे अडले. मी थांबलो तर माझा चीक तिच्या वाटीत उतरेल अशी मला धास्ती. तिलाही तीच. शेवटी आपले तपासनीस आले, त्यांनी साल खरवडली, झाडे कोरडी ठरवली आणि खोडांवर तांबड्या फुल्या मारून गेले.

५. फुल्या पाहून आक्का माझ्या दारात आली. बसली नाही. म्हणाली, "अरे, झाडं मेली नाहीत, दमलीत. आपण दोघांनी दमवलीत. साहेबाला लिही, दोघांना एकाच दिवशी थांबायचा हुकूम काढा म्हणावं. म्हणजे तूही हरला नाहीस नि मीही नाही." तो अर्ज हाच.

६. तरी फुल्या पुसाव्यात व झाडांना वर्षभर पूर्ण विश्रांती द्यावी. झाडांच्या रजेचा छापील नमुना कार्यालयात नसल्याचे कारकुनांनी सांगितले. म्हणून कामगारांच्या आजारपणाच्या रजेचा नमुना भरून जोडला आहे. आजाराचे स्वरूप 'थकवा' असे लिहिले आहे. वैद्यकीय दाखल्याबाबत सूट मिळावी. वर्षानंतरही चीक आला नाही तर कुऱ्हाड मी स्वतः आणून देईन.

७. थांबण्याचा हुकूम मात्र आता माझ्या एकट्याच्या नावे काढावा, आणि मावळतीकडची साल दुसऱ्या कोणालाही लावून देऊ नये. ही विनंती बाकीच्या सगळ्या विनंत्यांच्या आधी वाचावी.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
ओढ्याकाठच्या रांगेत चीक काढणारा
(उगवतीकडची बाजू)
शनिवार

सोबत: तोडण्याची नोटीस (चिकाने चिकटलेली), झाडांच्या रजेचा अर्ज.

सहअर्जदाराची सही: मिळू शकली नाही. माझी थोरली बहीण आक्का गेल्या मंगळवारी सकाळी वारली.